डोक्याला ताप नको

त्या दवाखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. डॉक्टरीणबाई ‘ताई’ म्हणत आणि बाकी सगळे ‘नंतरताई’. केस गळतात म्हणून येणाऱ्या माणसाच्या दंडातलं रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, वर जे पिवळसर पाणी येतं ते घ्यायचं आणि त्याच माणसाच्या डोक्यात सुयांनी टोचायचं, हे काम आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई, म्हणजे मॅडम, करत. टोचून झालं की म्हणत, “बाहेर बसा, नंतरचं काय ते ताई सांगतील.” दिवसाला दहा-बारा वेळा हे वाक्य कानावर पडे. केस गळावेत तसे त्यातले मधले शब्द एकेक करून गळले आणि ‘नंतरताई’ तेवढी उरली.

खोली तिची एकटीची होती. आठ फूट बाय सात. एक खुर्ची, एक स्टूल, हात धुण्याचं भांडं आणि एक खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसे. भिंतीवर एक आरसा होता, तो तिने पहिल्याच वर्षी उलटा करून टांगला होता. टोचून आलेला माणूस आधी आरसा शोधतो, आणि त्या घटकेला त्याला जे दिसतं ते पाहण्यासारखं नसतं. डोक्यावर लाल ठिपक्यांची रांगोळी, केस चिकटलेले, तोंड रडवेलं. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं त्या खुर्चीत मार खाल्लेल्या पोरासारखी बसत. ती आधी पाणी देई, ठिपके ओल्या कापसाने हलक्या हाताने टिपून घेई आणि मग सांगायला लागे.

सांगण्याची तिची रीत ठरलेली होती. परदेशातून आलेल्या छापील कागदावर सतरा सूचना होत्या, त्या वाचताना पेशंटचं लक्ष खिडकीबाहेर जाई. तेव्हा तिने स्वतः बसून, दोन रविवार घालवून, त्यांचा आपल्या भाषेत एक कागद केला होता. डोक्याला दोन दिवस पाणी नाही. टोपी, हेल्मेट, घट्ट रुमाल नाही. दुखलं तर साधी तापाची गोळी चालेल, सूज उतरवणारी गोळी मात्र मुळीच नाही. उशी उंच घ्या. कपाळ सुजेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरेल, घाबरू नका, जाते. हात आवरा, खाजवू नका. आणि तिसऱ्या नंबरला, ठळक अक्षरात: ‘दोन दिवस डोक्याला ताप नको.’ खाली कंसात ऊन, वाफ, भट्टी, घाम. हे वाक्य वाचून माणूस हमखास हसे. “ताई, हे आमच्या साहेबांना लिहून द्या की!” नाही तर, “मग बायकोला माहेरी पाठवू का?” हसलेलं लक्षात राहतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर ते वाक्य तसं ठेवलं होतं.

सगळं सांगून झालं की ती स्टूल पुढे ओढून म्हणे, “आता तुम्ही मला सांगा. उद्या काय काय करायचं नाही?”

मग बँकेचे मॅनेजर, कॉलेजातले प्राध्यापक, एकदा तर एक पोलीस अधिकारी, बोटं मोजत मोजत तिला पाठ म्हणून दाखवत. एखादं विसरलं की ती नुसती भुवई उचलून थांबे. “हां, हां, टोपी!” असं म्हणून ते पुढे जात. शेवटी कागदाच्या तळाशी, ‘मला वरील सर्व सूचना समजल्या’ याच्या खाली, सही.

एकोणीस वर्षं तिने हे केलं. तिच्या आयुष्यात ती बोलते आहे आणि समोरचा माणूस गप्प बसून शेवटपर्यंत ऐकतो आहे, असं ठिकाण हे एकच. घरी तिचं वाक्य कधी पुरं होत नसे. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा, दिवसभर दुसऱ्यांना ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणून ओरडायची सवय, त्यामुळे तिने तोंड उघडलं की तो ब्रेक मारी. “कळलं, कळलं. नंतर बघू.” मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, तिचा फोन येई तोही धावता. सासूबाई सहा वर्षं पलंगावर, कमरेखालून लुळ्या. सकाळी त्यांना उचलून, पुसून, कूस बदलून, खाऊ घालून ती नऊच्या ठोक्याला दवाखान्यात येई, आणि त्या आठ बाय सातच्या खोलीचं दार लावलं की तिच्या पाठीचा कणा आपोआप सरळ होई.

तिच्या कागदात आधी आणखी एक ओळ होती. ‘सर्वांनाच गुण येतो असे नाही.’ परदेशी कागदावर ती शेवटून दुसरी होती, तिने ती जशीच्या तशी आणली होती. मॅडमनी लाल पेनाने ती खोडली. “जागा पुरत नाहीये, ताई.” खाली चार बोटं जागा कोरी होती. पण तेव्हा तिला आपला कागद छापून येतोय याचंच एवढं अप्रूप होतं, की तिने त्या चार बोटांकडे पाहिलं नाही.

आणि गुण आला नाही म्हणून सहा महिन्यांनी कुणी तोंड पाडून आलंच, तर त्याला मॅडम पुन्हा तिच्याकडेच पाठवत. ती फाइलमधून त्याचा सही केलेला कागद काढी आणि विचारी, “काळजी घेतली होती ना?” जरा थांबे. त्या थांबण्यात माणूस आपसूक आपलं पाप शोधायला लागे. पावभट्टीवर काम करणारा एक माणूस तिला चांगला आठवत होता. रुंद खांद्यांचा, भुवयांवर कायम पिठाची पूड. तो म्हणाला होता, “दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी उभा राहिलो, ताई. माणूस आला नव्हता. पण एकच तास.”

“मग!” ती म्हणाली होती.

बस, एवढंच. तो मान डोलवत, स्वतःलाच दोष देत निघून गेला होता. जाताना “माझंच चुकलं” असंही म्हणाला होता.

तिचे स्वतःचे केस एकोणपन्नासाव्या वर्षापासून उतरणीला लागले. आधी उशीवर, मग फणीत, मग न्हाणीघराच्या जाळीत. भांग रुंद होत चालला. नवऱ्याने एकदाच त्याची दखल घेतली. जेवता जेवता वर बघून म्हणाला, “अगं, आधी पायवाट होती, आता डांबरी झाली की! दोन गाड्या समोरासमोर आरामात जातील.” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

दवाखान्यात मात्र हे हसण्यावारी गेलं नाही. एका दुपारी खुर्चीत बसलेली एक बाई, पाठ म्हणता म्हणता मध्येच थांबली, तिच्या भांगाकडे टक लावून पाहू लागली आणि मोठ्याने म्हणाली, “पण तुमच्याच डोक्यावर नाहीत, तर आमच्या डोक्यावर कुठून येणार?” दार उघडं होतं. मॅडमनी ऐकलं.

संध्याकाळी त्यांनी तिला बोलावलं. मॅडम गोड बोलत. सुई टोचतानाही गोडच बोलत.

“ताई, पेशंट सगळ्यात आधी तुमचं डोकं बघतो. तुमची चूक नाही त्यात. पण दिसतं ना ते.”

“हो, मॅडम.”

“आपण तुम्हालाही घेऊ. तीन सिटिंग, महिन्या-महिन्याने. घरच्याच आहात तुम्ही. सहा महिन्यांनी बघू. आले, तर खोली तुमचीच, तुम्ही रिटायर होईपर्यंत. नाही आले तर…” त्यांनी टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला. “खाली स्टोअरला विश्वासाचं माणूस हवंच आहे मला. इथे मग काउंटरवरच्या मुलीला बसवू.”

काउंटरवरच्या मुलीची वेणी मनगटाएवढी जाड होती. ती वेणी दर अर्ध्या तासाने पुढे घ्यायची आणि मागे टाकायची, हा त्या मुलीचा एकमेव व्यायाम.

पहिलं सिटिंग शुक्रवारी साडेचारला झालं. शेकडो लोकांना ती सांगत आली होती, “मुंगी चावल्यासारखं वाटेल.” मुंगी कसली, गांधीलमाशी होती ती, आणि एक नव्हे, अख्खं पोळं. टाळूवर दुखलं त्याच्या दुप्पट कपाळाच्या कडेला दुखलं. डोळ्यांतून पाणी आलं तर मॅडम म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा, ताई?”

मग ती बाहेर येऊन आपल्याच खोलीत, पण खुर्चीत बसली. स्टूल रिकामं. पाणी देणारी, कापसाने टिपणारी, पाठ म्हणून घेणारी जी कोण ती आज पेशंट होती. काउंटरवरची मुलगी कागद घेऊन आली. वेणी मागे टाकून म्हणाली, “तुम्हाला काय सांगायचं, ताई? तुम्हीच लिहिलंयत. इथे सही करा फक्त.”

तिने सही केली.

घरी नवऱ्याने फारच चांगलं स्वागत केलं. ती जाताना सगळं सांगून गेली होती, खोलीचं, स्टोअरचं, सहा महिन्यांचं. त्यानेही त्या दिवशी ब्रेक न मारता निम्मं ऐकून घेतलं होतं. आता तो म्हणाला, “दोन दिवस तू हलायचं नाहीस. गाडी न्यूट्रलला. आईचं, स्वयंपाकाचं, सगळं माझ्याकडे.” तिने कागद काढून वाचून दाखवला, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला, आणि सवयीने म्हणाली, “आता तुम्ही सांगा, उद्या काय काय—”

“मी काय तुझा पेशंट आहे?”

शनिवारी सकाळी त्याने चहा केला. चहा केल्याची बातमी फोनवरून बहिणीला, दाराशी आलेल्या पेपरवाल्याला आणि समोरच्या बिऱ्हाडाला कळवली. साडेआठला त्याचा फोन वाजला. कुणा शिकणाऱ्या पोरीची सोमवारी परीक्षा होती आणि तिला गाडी मागे घेता येत नव्हती. “तासाभरात आलो,” असं म्हणून तो गेला.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “गेला का गं?”

“गेले. येतील तासाभरात.”

“मी ओली झालेय.”

ओलं माणूस तासभर ओलं ठेवता येत नाही. तिने पाणी तापवलं. सासूबाईंना गार पाणी लागलं की कळ येई, म्हणून कढत लागे, आणि बंद खोलीतच पुसावं लागे, वारा सोसत नसे. बादलीतून वाफ वर येत होती. ती तोंड एका बाजूला वळवून पुसत होती. मग अंगाखालची चादर ओढून काढायची तर एका हाताने त्यांना कुशीवर धरावं लागे. तेवढ्यात घाम आला. कपाळाच्या कडेवर, कानांमागे, थेट त्या ठिपक्यांवर. मीठ चोळावं तसं झालं. तिने हात आवरला. खरोखरच आवरला, कोपराने दाराची कडी काढली आणि दाराशीच वाऱ्याला उभी राहिली.

“डोक्याला काय झालंय तुझ्या?” सासूबाईंनी विचारलं.

“सुया टोचल्यात. केस यावेत म्हणून.”

“मग काम कशाला करतेस? त्याला सांग ना.”

“सांगितलंय.”

“मग?”

“नंतर करतो म्हणालेत.”

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. “त्याचा बापही असाच होता,” त्या म्हणाल्या.

नवरा एक वाजता आला. तोवर ती अर्धा तास स्वयंपाकघरात, कुकरच्या आणि तव्याच्या मध्ये उभी होती. ओट्यापुढची खिडकी हातभर, पंखा लावला तर गॅस विझे. तिने कागदाकडे बोट दाखवलं. “अहो, निदान पोळ्या तरी बाहेरून आणायच्या होत्या. डोक्याला ताप नको म्हटलंय मला.”

“तुझ्या डोक्याला नको ना?” तो बूट काढत म्हणाला. “मग माझ्या डोक्याला का देतेस?”

विनोद चांगला होता. तिने ते वाक्य कागदावर लिहिलं तेव्हाच तो त्यात होता.

रविवारी सकाळी सूज डोळ्यांवर उतरली. पापण्या पावासारख्या फुगल्या, डाव्या डोळ्याची नुसती फट राहिली. हे होतं, दोन दिवसांत जातं, घाबरायचं काही नसतं, हे तिने हजारदा सांगितलं होतं आणि ती घाबरली नाही. घाबरला नवरा. “अगं, दाराशी जाऊ नकोस! कुणी बघितलं तर म्हणतील, मीच मारलं.” मग तो दूध आणायलाही स्वतः गेला, पिशव्याही स्वतः घेतल्या, आणि दिवसभर घरात थांबून टीव्ही पाहत राहिला. दाराची बेल वाजली की तोच उठे. एवढी चपळाई त्याने एरवी दाखवली असती तर! दुपारी तो तिच्याजवळ आला तो एक गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन. त्याची कंबरदुखीची गोळी, सूज उतरवणारी.

“ही घे. तासाभरात उतरते सूज.”

“ही चालत नाही.”

“मला तर चालते.”

“दारावर लिहिलंय. पाच नंबरला.”

तो दाराशी गेला, पाच नंबर वाचला, परत आला. “बघ, काळजी घेतली नाही तरी तुझं तोंड वाकडं, घेतली तरी वाकडं. माणसाने करावं तरी काय?” गोळी कपाखाली ठेवून तो तीन दिवस रुसला. रुसव्याचे दिवस ती त्याची समजूत घालत होती. गोळी तिने घेतली नाही. पाळण्यासारखं जे तिच्या एकटीच्या हातात होतं ते तिने पाळलं. उशी उंच घेतली, नखं लावली नाहीत, तिसऱ्या दिवशी कोमट पाण्याने धुतलं. बाकीचं घराच्या हातात होतं.

दुसऱ्या सिटिंगच्या वेळी नणंद चार दिवस राहायला आली, ती मदतीला म्हणून आली आणि पाहुणी म्हणून राहिली. तिसऱ्या वेळी नवऱ्याने शब्द द्यायचाही त्रास घेतला नाही. आणि तिनेही तिसऱ्या खेपेस कागद दाराला लावला नाही.

पुढचे चार महिने ती रोज सकाळी फणीतले केस कागदावर मोजत होती. त्रेसष्ट. अठ्ठावन्न. सत्तर. एखाद्या दिवशी चाळीस आले की दवाखान्यात तिचा आवाज मोकळा होई, पेशंटला जास्तीचा विनोद मिळे. पण भांग होता तेवढाच होता. उलटा टांगलेला आरसा ती आता दार लावून सरळ करी, पाही आणि पुन्हा उलटा करी.

सहा महिने पुरे झाले त्या बुधवारी मॅडमनी तिला दिव्याखाली बसवलं, भिंग घेतलं, केस इकडून तिकडे केले. मग खुर्चीत बसून त्यांनी फाइल उघडली आणि तिच्यातून एक कागद काढून टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवला. तिचाच कागद. खाली तिचीच सही.

“काळजी घेतली होती ना, ताई?” त्यांनी विचारलं. आणि जरा थांबल्या.

ते थांबणं तिच्या ओळखीचं होतं. एकोणीस वर्षं तिने ते स्वतः वापरलं होतं. एवढंच की त्याच्या या बाजूला ती कधी बसली नव्हती. तिला वाटलं होतं आपण गप्प राहू. पण थांबण्याने आपलं काम केलंच.

“घरी सासूबाई आहेत,” ती म्हणाली. “त्यांना गरम पाण्याने… वाफ लागली थोडी. आणि स्वयंपाक—”

“मग!” मॅडम म्हणाल्या.

त्या एका शब्दासरशी तिच्यापुढे तो पावभट्टीवाला उभा राहिला. आणि त्याच्या मागे आणखी कितीतरी. हेल्मेट घातलेला टपालवाला. उन्हात मुलांची कवायत घेणारी शाळेची बाई. पोराला न्हाऊ घालताना स्वतःही भिजलेली आई. सगळे सही केलेले, सगळे मान खाली घातलेले. तिला वाटत आलं होतं की आपण त्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवतो. प्रत्यक्षात ती त्यांच्या हाती आधीच दोष देऊन ठेवत होती, घडी घालून, सहीसकट. सहा महिन्यांनी नुसता काढून दाखवायचा. ज्या माणसाला काम आहे, घर आहे, त्याला दोन दिवस डोक्याला ताप न होऊ देणं कुठून जमायचं? आणि ज्यांना जमलं, त्यांतलेही कितीतरी तसेच परत आले होते. त्यांना ती म्हणायची, “आठवून बघा नीट.”

“मॅडम,” ती म्हणाली, “काहींना येतच नाहीत ना? काहीही केलं तरी? त्या मूळच्या कागदावर होतं तसं. मी लिहिलंही होतं. तुम्ही खोडलंत.”

“असेल,” मॅडम गोडपणे म्हणाल्या. “पण तुमच्या बाबतीत कारण तर दिसतंय ना. मग कशाला शंका?” फाइल मिटली. “फोटो मात्र काढू आपण. फोटो चांगला आला, तर खोलीचं बघता येईल मला.”

दवाखान्यात दोन तऱ्हेचे फोटो काढत. ‘आधी’च्या फोटोला केसांवर पाण्याचा फवारा मारून ते कातडीला चिकटवायचे आणि वरून पांढरा दिवा सोडायचा, म्हणजे असलेलं डोकंही ओसाड दिसतं. ‘नंतर’च्या फोटोला केस कोरडे, मुळापासून उलटे विंचरून फुलवलेले, तपकिरी पूड भुरभुरलेली, दिवा बाजूला. तिचा ‘आधी’चा पहिल्या सिटिंगलाच काढून झाला होता. फवाऱ्याची बाटली इतकी वर्षं तिच्याच हातात असे. तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. फोटो ‘चांगला येणे’ म्हणजे काय, हेही. उठून जाता आलं असतं. पण तिला खोली हवी होती. ती खुर्चीत बसली, काउंटरवरच्या मुलीने तिच्या टाळूवर पूड भुरभुरली, आणि “जरा हसा ना, ताई,” म्हटल्यावर ती हसलीसुद्धा.

सोमवारी ती नऊला आली तर तिच्या खोलीत तोच फोटो टांगलेला होता, उलट्या आरशाच्या जागी, चांगला दीड हात उंच. ‘आधी’ आणि ‘नंतर’. आणि स्टुलावर काउंटरवरची मुलगी बसली होती, वेणी पुढे घेऊन.

“फोटो फारच सुंदर आलाय, ताई,” मॅडम दाराशी येऊन म्हणाल्या. “पण तुम्हीच विचार करा. पेशंट आधी तो बघणार, मग तुम्हाला बघणार. जुळत नाही ना ते.”

केसाने गळा कापणं असं म्हणतात. तिचा अगदी शब्दशः कापला होता. आपलं डोकं भिंतीवर राहिलं आणि आपण जिन्याने खाली गेलो, एवढंच तिला त्या दिवशी कळलं. स्टोअरला खिडकी नव्हती. हातमोजे, सुया, कापूस, छापील कागदांचे गठ्ठे. तिथे कुणाला काही सांगायचं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. वरून दिवसातून दोन-तीनदा निरोप येई, तो ‘मोज्यांचा डबा’ किंवा ‘मोठ्या सुया’ एवढाच. पाठीचा कणा पुन्हा होता तसा वाकला. घरी तिने सांगितलं, “खाली बदली झाली.” नवरा म्हणाला, “बरं झालं, कमी दगदग.” ती पुढे बोलणार होती, पण त्याने हात वर केला. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या.

आठवड्याने एका संध्याकाळी तो फोन नाचवत घरात आला. ती स्वयंपाकघरात होती. त्याच्या कुणा शिकाऊ पोरीने दवाखान्याचा फोटो त्याला दाखवला होता, मोबाइलवर.

“अगं! हे तू सांगितलंच नाहीस! केवढे आलेत!” तो आईच्या पलंगाशी गेला. “आई, हे बघ. बघ, कसे दाट झालेत. दोन दोन दिवस मी हलू दिलं नव्हतं हिला. सगळे विचारत होते, काय केलंत? मी म्हटलं, काळजी. काळजी घ्यावी लागते माणसाची.”

सासूबाईंनी फोन डोळ्यांशी धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. “ही कोण?”

“कोण काय? तुझी सून!”

“छे,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातात परत दिला. “हिचं डोकं रोज सकाळी माझ्या तोंडासमोर असतं. ही ती नव्हे.”

नवरा हसला. “आईची नजर गेली,” असं म्हणत तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा करत. ती तव्यापासून दूर झाली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, दिव्याच्या बरोबर खाली, आणि तिने मान खाली घातली. भांग सरळ त्याच्या डोळ्यांपुढे आला.

“बघा,” ती म्हणाली.

“अगं, बघतोच तर आहे. काय क्लिअर आलाय.”

“फोनमध्ये नाही. इथे. हात लावून बघा.”

फोनचा उजेड विझला. तिला त्याचे पायातले मोजे दिसत होते, आणि ते जरासे मागे सरकलेले दिसले.

“अगं, तव्यावरचं करपतंय,” तो म्हणाला.

“करपू दे,” ती म्हणाली, आणि तिने मान वर केली नाही.